डोणगावात पिवळा पडदा

बुलढाणा जिल्ह्यात येणारा माणूस शेगावला दर्शन घेतो, लोणारला खड्ड्याच्या काठावर उभा राहून फोटो काढतो आणि परत जातो. डोणगाव बघायला कोणी येत नाही. यायचं तरी कशाला? मेहकर तालुक्यातलं मोठं गाव, शेतमालाची उलाढाल, कृषी केंद्रांच्या पाट्या, स्टँडवर चहा, आणि माझी आत्या. या मार्चमध्ये मी एका नामांकित रॉक बँडला घेऊन तिथे गेलो. म्हणजे खरं तर बँडने मला नेलं. आणि त्याहून खरं सांगायचं तर बँडच्या सामानाबरोबर मी गेलो.

माझा धंदा आधी सांगतो, कारण तो मला माझ्या सासऱ्यांनाही अजून सांगता आलेला नाही. मी सेशन कीबोर्डिस्ट आहे. गाणं दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, बोटं माझी. आता रॉक बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चार सडपातळ माणसं येतात, केस वाढलेली, गिटार गुडघ्यापर्यंत लोंबणारी. त्या चित्रात टक्कल पडलेला, जाड भिंगाचा, कंबरदुखीचा पट्टा लावलेला एक गृहस्थ पेटीसारखं काहीतरी वाजवतोय हे शोभत नाही. म्हणून स्टेजच्या एका कडेला काळं कापड टांगतात आणि त्यामागे मला बसवतात. लोकांना चार माणसं दिसतात, पाच ऐकू येतात. पाचवा कोण हे विचारायला कोणी तिकीट काढून येत नाही.

मोठमोठ्यांबरोबर वाजवलंय मी. एक गायक होता, गाण्याआधी डोळे मिटून आभाळाकडे तोंड करायचा. लोक म्हणायचे, काय तंद्री! तो बिचारा ओळ विसरलेला असायचा आणि मी पहिल्या सुराची आठवण करून देईपर्यंत कान देऊन थांबायचा. दुसरा एक गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध होता. एकच गिटार होती, दर कार्यक्रमाला फुटायची आणि मग तिला फेविकॉल लागायचा. पण खरी गिटार फुटली की आवाज येतो आंब्याच्या पेटीसारखा, फुसका. म्हणून तो कडाडणारा आवाज मी कीबोर्डवरून द्यायचो. लोक रडायचे हो त्या आवाजाला.

गेली बरीच वर्षं मी 'रस्टी गेट'बरोबर आहे. त्यांचा म्होरक्या व्हिक. घरचं नाव विक्रांत, पण ते फक्त त्याच्या आईला आणि बँकेला माहीत आहे. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधे गिटारचा एक लांबलचक, संथ तुकडा आहे. तो ऐकायला लोक येतात. व्हिकला तो वाजवता येतो, नाही असं नाही, पण त्याच वेळी स्पीकरवर चढून उडी मारायची असते, आणि दोन्ही एकदम जमत नाही. तेव्हा उडी तो मारतो आणि गिटार मी वाजवतो, कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून. ही कामाची वाटणी आम्हा दोघांना, साउंडवाल्याला आणि मॅनेजर रियाला ठाऊक. रियाची अट एकच. पडद्याबाहेर यायचं नाही. ती अट मोडली तर माझ्या जागी बसायला पुण्यातल्या वाकडच्या दोन पोरांचे फोन तिच्याकडे येऊन पडलेले असतात, आणि ती पोरं सडपातळ आहेत.

या सगळ्यात आत्या कुठे येते? ती टीव्हीपुढे येते. आमचा कार्यक्रम टीव्हीवर लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"बाबू, म्या सारा कार्यक्रम पाह्यला. तो केसाळ्या दिसला, ढोलवाला दिसला. तू काऊन नाई दिसला?"

"मी मागे होतो, आत्या."

"मांगं म्हनजे कुठी? घरी?"

शेवंताआत्यानं मला वाढवलं. आई मी लहान असतानाच गेली. आत्या शाळेत खिचडी शिजवायची आणि उरलेल्या वेळात माझ्यावर ओरडायची. दहावीनंतर मी पुण्याला काकांकडे गेलो आणि वाजवायला तिथे शिकलो. त्यामुळे गावात मी कधी वाजवलंच नाही, आणि ही आत्याच्या मनातली सल होती. कारण आमच्याकडे भीमजयंतीला गायनपार्टी येते, गावातली पोरंही वाजवतात, आणि वाजवणाऱ्याला ऐन गाण्यात उठून नोट द्यायची रीत आहे. दहाची नोट, आणि माईकवर पुकारा: अमक्यातर्फे ढोलकीमास्तरले दहा रुपये, जयभीम! पण पहिली नोट घरच्यांची. घरच्या माणसानं बोहनी केल्याशिवाय दुसरं कोणी उठत नाही. आत्यानं साऱ्या वस्तीच्या पोरांच्या बोहन्या पाहिल्या. तिचं स्वतःचं पोरगं मात्र कुठेतरी 'मांगं' होतं.

म्हणून डोणगावचा कार्यक्रम ठरल्याचं कळलं तेव्हा तिचा फोन आला तो एका वाक्याचा.

"या टाइमले बोहनी मी करीन. तू दिसशीन ना?"

मी म्हणालो, "बघू." पुण्यात राहून माणूस एवढंच शिकतो.

देऊळगाव राजा

बस मुंबईहून आली आणि आम्हा दोघांना पुण्यात उचललं. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझी बायको सविता. सविता सासवडची. तिच्या मते मराठी भाषा दिवेघाटाच्या आसपास संपते. बसमध्ये व्हिक, ड्रमर बॉबी, बेसवाला, दुसरा गिटारवाला आणि रिया. सगळे काळे कपडे, काळे चष्मे. सविता मधल्या सीटवर बसली, डबा उघडला आणि सगळ्यांना गूळपोळी वाटली. व्हिक म्हणाला, "ग्लूटेन चालत नाही, ताई." सविता म्हणाली, "मग नुसता गूळ खा." त्यानं खाल्ला. त्याच्या आयुष्यात 'मग नुसता' असं म्हणणारं कोणी आलेलं नसावं.

जालना मागे पडलं आणि देऊळगाव राजाला चहाला थांबलो. बालाजीच्या दर्शनाला आलेली गर्दी होती. बॉबीच्या हातभर गोंदणाकडे चहावाला बराच वेळ बघत होता.

"काय लिवलंय म्हनायचं हे?"

"ड्रॅगन आहे," बॉबी म्हणाला.

"आस्सं. आमच्या आजीचं नुसतं नाव होतं," चहावाला म्हणाला आणि त्यानं ओतलेल्या चहात अजून थोडी साखर टाकली, सहानुभूतीनं असावी.

इथून पुढे बोली बदलत जाते. देऊळगावला अजून जालन्याचा वास असतो, मेहकर यायला लागलं की 'मला'चं 'मले' होतं आणि माझ्या जिभेचा पट्टा सैल होतो. सविता दर वेळी म्हणते, "तू इकडे आलास की वेगळाच माणूस होतोस." मी म्हणतो, तोच आहे, फक्त इस्त्री उतरलेली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं, गव्हाची सोंगणी चाललेली, बांधावर पळस पेटलेला. मी उत्साहानं व्हिकला उठवून पळस दाखवला. त्यानं चष्मा न काढता बघितलं आणि "नाइस. ब्राऊन," म्हणाला. मेहकरच्या अलीकडे बसचा एसी वारला. काचा उघडतच नव्हत्या. डोणगावात उतरलो तेव्हा सगळा रॉक बँड वाफाळलेल्या ढोकळ्यासारखा झाला होता.

दिनकरभाऊंची लॉन

बोलावणारे दिनकरभाऊ. बी-बियाणं आणि खतांचा मोठा व्यापार. गावाबाहेर त्यांनी लॉन बांधली होती. लॉन म्हणजे लग्नं लावायची जागा. आमच्याकडे गवत नसलं तरी चालतं, लॉन म्हणायला कमान लागते. या लॉनच्या शुभारंभाला गायनपार्टी किंवा ऑर्केस्ट्रा आणला असता तर गावानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण भाऊंचा मुलगा पुण्यात शिकला आणि त्यानं रॉक बँडचं डोक्यात घातलं. भाऊंचा विचार सरळ होता. मेहकरच्या लॉनवाल्यानं आणला नसेल असा कलाकार पाहिजे.

रियानं महिनाभर आधी बँडच्या मागण्या कळवल्या होत्या. भाऊ आम्हाला कमानीखालीच भेटले.

"सगळं आणलं. ते बदामाचं दूध तेवढं नाई भेटलं. मॅडम, मी धंद्यानं बियानंवाला आहे, सारी वाणं पाह्यली, पण बदामाले आचळ कुठी असते हे मले कोनी सांगून नाई राह्यलं."

"इट्स ओके," रिया म्हणाली.

"म्हशीचं आहे. घट्ट आहे."

व्हिकनं ते दूध घेतलं. दोन ग्लास. त्यानंतर दिवसभर त्याला कोणी नको म्हणताना बघितलं नाही.

स्टेज मोठं होतं. मंडपवाले रशीदभाई शिडीवर होते. रियानं त्यांना माझी जागा दाखवली आणि म्हणाली, इथे काळं कापड लावा, पूर्ण, वरपासून खालपर्यंत.

रशीदभाई शिडीवरून उतरलेच. "काला? मॅडम, शुभारंभ आहे."

दिनकरभाऊ धावत आले. "काळं? नाई बाप्पा! उद्या याच जागी लोकाईच्या पोरींचे लगन लागतीन. पहिल्याच दिवशी काळं टांगू?"

"मग पांढरं?" रियानं विचारलं.

आता दोघांनीही कानाला हात लावले. पांढऱ्याचं नाव काढलं की काय टांगायचं आणि कोणाला झाकायचं हा प्रश्नच उरत नाही. शेवटी रशीदभाईंनी ट्रकमधून पिवळं कापड काढलं, हळदीच्या कार्यक्रमाचं, कडेला गोंड्यांची माळ. रियानं कपाळाला हात लावला, पण कापड जाड दिसत होतं.

मी मागे जाऊन बसलो. आत उजेड नव्हता आणि मार्चचा उकाडा कापडाच्या आत कोंडलेला. रशीदभाईंचं मन मोठं. त्यांनी माझ्यासाठी टेबलफॅन आणला आणि पाठीमागे बांबूला एक हॅलोजन बांधला. "मास्टर, आपको दिखना चाहिए ना, क्या बजा रहे." मी त्यांचे आभार मानले. सविताने मुद्दाम इस्त्री करून दिलेला आकाशी शर्ट काढून खिळ्याला टांगला. मी आत नेहमी बनियनवरच वाजवतो. गाजलेल्या प्रत्येक मैफलीत वाजवलंय. कंबरेचा पट्टा बनियनवरून बांधायचा, चष्मा दोरीनं गळ्यात, पायात स्लिपर. बघणारं कोण आहे?

त्याआधी दुपारी आत्याकडे जाऊन आलो होतो. ती नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, कार्यक्रमाला चार तास असताना. मी तिला पडद्याचं नीट सांगायचं ठरवून गेलो होतो.

"आत्या, मी तिथे असेन, पण कापडाच्या मागे असेन. ती अट आहे. आवाज माझा ओळखून घे."

"काऊन? काई गुन्हा केला का?"

"नाही गं. रीत आहे त्यांची."

"त्याईची रीत आहे तं आपलीही आहे," ती म्हणाली आणि कनवटीला हात लावून बघितला. नोट तिथेच होती. मग सविताकडे वळून म्हणाली, "सूनबाई, याले जेवाले घाल वं. बारीक दिसून राह्यला." मी बारीक दिसलो हे ऐकून सविता ठसका लागेपर्यंत हसली.

कार्यक्रम

आमच्याकडे कार्यक्रम सत्कारांनी सुरू होतो, आणि चांगला कार्यक्रम असेल तर सत्कारांनीच संपतो. माईकवर आधी सरपंच, मग सोसायटीचे अध्यक्ष, मग अध्यक्षांचे साडू. मग बँड. व्हिकच्या केसांची जी काही रचना मुंबईत दोन माणसांनी केली होती तिच्यावर रशीदभाईंच्या पोरानं कचकचून फेटा बांधला. बॉबीला शाल घालून नारळ दिला. तो नारळ कुठे ठेवायचा हे त्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यानं तो ड्रमच्या आत ठेवला आणि पहिल्या दोन गाण्यांत तो गडगडत होता. लोकांना वाटलं, नवीन वाद्य आहे.

मी आतून नावं ऐकत होतो. चार नावं पुकारली, चार नारळ दिले. पाचवं नाव यादीतच नव्हतं. पुढच्या रांगेत खुर्चीवर आत्या बसलेली होती, तिनंही चार मोजले असणार. मला वाईट वाटलं. मग गाणं सुरू झालं आणि मी कामाला लागलो.

पुढे जे झालं त्यातलं मला आतून काहीच दिसत नव्हतं. ते मी सविताच्या तोंडून सांगतोय, आणि सविता कधीही काही कमी करून सांगत नाही.

बाहेर संध्याकाळ झाली. मंडपातले दिवे मंद केले आणि माझ्या पाठीमागचा हॅलोजन तसाच राहिला. पिवळ्या कापडावर माझी सावली पडली. साधी नाही, स्टेजएवढी. टक्कल, भिंगं, वाकलेली पाठ आणि भाकरीच्या काटवटीएवढे दोन हात. व्हिक पुढे कमरेएवढा दिसत होता आणि मागे मी, डोंगरासारखा. सविता म्हणते, "तुझं पोट एवढं स्पष्ट मी घरीही कधी बघितलं नव्हतं."

दोन गाणी लोकांनी सहन केली. मग ते गाजलेलं गाणं आलं. संथ तुकडा सुरू झाला. व्हिक स्पीकरवर चढला, डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरून आभाळाकडे बघू लागला. मुंबईत या क्षणी दिवे विझवून फक्त त्याच्या चेहऱ्यावर झोत टाकतात, म्हणून हात कुठे आहेत ते कळत नाही. दिनकरभाऊंनी मात्र झोत टाकला नाही, आणि मंडप मंद असला तरी बाहेर लॉनचे सगळे दिवे चालू ठेवले होते, कारण बिल ते भरणार होते आणि लोकांना कमान दिसायला हवी होती. व्हिकचे हात हवेत. गिटार वाजतेय. मागे सावलीची बोटं चाललीत.

पुढच्या रांगेतलं कोणीतरी ओरडलं, "अबे पाह्य! सावली वाजवून राह्यली!"

आणि आत्या उठली.

मला कळलं ते एवढंच, की कापड बाजूला झालं आणि आत आत्या उभी राहिली. नवं लुगडं, हातात नोट. मी तुकड्याच्या मधोमध होतो. थांबता येत नव्हतं. थांबलो असतो तर बाहेर व्हिक हात पसरून, गिटार न वाजवता, आवाजाशिवाय उभा राहिला असता. मी डोळ्यांनी तिला म्हणालो, आत्या, जा. तिनं ते 'ये' असं घेतलं.

"बाबू, धर."

"हात मोकळे नाहीत, आत्या!"

"वाजव, वाजव. थांबू नको." तिनं बनियनला खिसा शोधला. नव्हता. मग तिनं नोट माझ्या कंबरेच्या पट्ट्यात खोचली, डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर गेली. मला वाटलं, सुटलो. पण बोहनी पुकारल्याशिवाय बोहनी होत नाही. पुढच्या क्षणी स्पीकरमधून, माझ्याच गिटारवर, तिचा आवाज आला. व्हिकच्या माईकपाशी उभी होती ती.

"शेवंताबाईकडून पेटीमास्तर मिलिंदले दहा रुपये! हा आमचा मिलिंद आहे, मांगं बसला आहे. जयभीम!"

झालं. घरची बोहनी झाली म्हटल्यावर गाव कशाला थांबतंय? लोक उठले. बायका, म्हातारे, स्टँडवरचा पानवाला, रांगच लागली. व्हिकनं डोळे उघडले, लोक स्टेजवर येताना बघितले आणि त्याला जे कोणत्याही रॉकस्टारला वाटेल तेच वाटलं. तो स्पीकरवरून उतरून गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. पानवाला त्याच्यापाशी आला, वाकला आणि म्हणाला, "सरका भाऊ जरा, मांगं जाऊ द्या."

रिया स्टेजच्या कडेला उभी राहून हातवारे करत होती. रांगेला पडद्याचा अडथळा होतोय आणि म्हाताऱ्या माणसांना वाकून आत शिरावं लागतंय, हे रशीदभाईंच्या सज्जन मनाला सहन झालं नाही. त्यांनी पिवळं कापड वर गोळा केलं आणि गोंड्याच्या माळेनं बांबूला व्यवस्थित बांधून टाकलं.

तर असा मी, आयुष्यात प्रथमच, रॉक बँडच्या स्टेजवर दिसलो. भगभगीत हॅलोजनमध्ये, बनियनवर, कंबरेच्या पट्ट्यात नोटा खोचलेला, आणि समोर मेहकर तालुका. लाज वाटावी की सलाम करावा, कळेना. दोन्ही हात कामात होते म्हणून दोन्ही राहिलं. तुकडा संपला. गाव ओरडलं. मुंबईत मी त्या तुकड्यानंतर टाळ्या ऐकतो त्या कापडातून येतात, रजईतून आल्यासारख्या. या अंगावर आल्या.

व्हिक अजून गुडघ्यावर होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी मनात म्हटलं, वाकडची पोरं उद्याच कामाला लागणार. तेवढ्यात आत्या परत जाता जाता त्याच्यापाशी थांबली. कनवट चाचपली, दुसरी नोट काढली आणि पुन्हा माईक धरला.

"आनि हे पोट्टंही बिचारं कवापासून उड्या मारून राह्यलं. घामाघूम झालं. याच्या उड्यांले शेवंताबाईकडून दहा रुपये!"

लोक एवढे हसले, एवढ्या टाळ्या वाजवल्या, की व्हिकला ती नोट घ्यावीच लागली. आणि मग काय सांगू, तो उडाला. फेटा सुटेपर्यंत उडाला. मी इतकी वर्षं बघतोय, एवढ्या मनापासून उडताना मी त्याला बघितलं नव्हतं. लोकांनी त्यालाही नोटा दिल्या, बॉबीला दिल्या, नारळाच्या आवाजासाठी वेगळी दिली. ज्याचं जे होतं त्याला त्याचं मिळालं.

सकाळी, आत्याच्या परसात

दुसऱ्या दिवशी आत्यानं सगळ्यांना रोडग्यांना बोलावलं. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. पुण्यात यांना बाटी म्हणतात, आणि वर दही मागतात. व्हिक ग्लूटेनचं काही बोलला नाही. रिया माझ्याशी बोललीच नाही. ती चुलीपाशी बसून फोनमध्ये काहीतरी टाइप करत होती आणि मला वाटलं, माझं नाव खोडतेय.

आत्यानं माझ्या ताटात तूप ओतलं आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं बोलली.

"बाबू, एक सांग. साऱ्या गावानं पाह्यला तुले. मेहकरचे लोक आलते. तुह्या शाळेतल्या मास्तरच्या बायकोनंही पाह्यला."

"हो ना आत्या."

"मंग बनियनवर काऊन होता बे? घरी शर्ट नाई का?"

मी सविताकडे बघितलं. सविता म्हणाली, "दिला होता मी. आकाशी. खिळ्याला होता." आणि दोघी सासू-सुनांनी, ज्यांचं मराठी एकमेकींना अर्धंच कळतं, माझ्याबद्दल एक लांब सुस्कारा अगदी एका सुरात टाकला.

शेगाव

एसी वारलेल्या बसमधून परत मुंबईपर्यंत जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून रियानं शेगावहून रेल्वेची तिकिटं काढली. गाडीला वेळ होता. बँड दर्शनाच्या रांगेत उभा राहिला. रांगेत कोणी त्यांना ओळखलं नाही, आणि चपला काढायला लावल्या तेव्हा कळलं की व्हिकच्या बुटाला चार बोटं टाच आहे. तो एकदम माझ्याएवढा झाला.

मग स्टेशनजवळ कचोरी. शेगावला येऊन कचोरी न खाता जाणं हे मला तरी पटत नाही, इतर काय करतात ते त्यांच्या श्रद्धेवर. कागदावर गरम कचोरी, तळलेली मिरची. व्हिक माझ्या बाजूला फलाटावर बसला. मिरची बोटांत फिरवत होता.

"मिल्स," तो म्हणाला. माझं नाव मिलिंद आहे, पण बँडमध्ये कोणाचंच पूर्ण नाव ठेवत नाहीत. "तुझ्या आत्यांनी मला उड्यांचे दहा रुपये दिले."

"मनावर घेऊ नकोस. म्हातारी आहे."

"नाही रे. लोक मला इतकं देतात, पण कशाचं देतात ते कोणी सांगत नाही. या बाईनं सांगितलं." त्यानं गिटारच्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या मखमलीत ती नोट खोचलेली होती. मग तो मिरची चावला आणि पुढची पाच मिनिटं आमच्यात संभाषण शक्य झालं नाही.

रिया समोर येऊन उभी राहिली. मी कचोरी खाली ठेवली. नोकरी जाताना तोंडात काही असू नये.

"सगळीकडच्या आयोजकांना कळवलंय," ती म्हणाली. "यापुढे काळं कापड आपण आपलं घेऊन जाणार. आपल्या माणसानं टांगायचं. हॅलोजन चालणार नाही."

"आणि मी?"

"तू काय? तू कापडामागे. दुसरं कोण आहे आपल्याकडे?" तिनं माझ्या कागदातली उरलेली अर्धी कचोरी उचलली आणि खात खात गेली.

म्हणजे सगळं होतं तसंच आहे. काळं कापड आता बँडचं स्वतःचं आहे, जाड, दुहेरी अस्तराचं, धुऊन इस्त्री केलेलं. त्यातून टाचणीएवढा उजेड येत नाही. गेल्या महिन्यात पुण्यात कार्यक्रम झाला, लोकांना चार माणसं दिसली, व्हिक हात पसरून आभाळाकडे बघत होता. सुरू व्हायच्या आधी बॉबी पाणी द्यायला आत आला आणि मला बघून थबकला. मी आकाशी शर्ट घातला होता. गळ्यापर्यंत बटणं, भांग पाडलेला, जेवढा उरलाय तेवढ्याचा.

"हे काय? इथे कोण बघणार तुला?"

मी कापडाकडे बघितलं. "सांगता येत नाही," म्हटलं, आणि बाही सरळ केली.